रोमान्सचा रोमांचाशी काडीचाही संबंध नाही

एका वाचनालय सांभाळणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. वाचनालयाला कुणीतरी इंग्रजी कादंबऱ्यांची दोन खोकी भेट दिली. बहुतेक सगळ्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या प्रेमकथा: ती नर्स, तो आघाडीवर, मधे पत्रं आणि प्रार्थना. ताईंनी सात-आठ वाचून काढल्या आणि त्यांना त्या फार आवडल्या. मागच्या पानावर छापलंय ‘इन्स्पिरेशनल हिस्टॉरिकल रोमान्स’. नोंदवहीत ‘प्रेरणादायी ऐतिहासिक रोमांचकथा’ असं लिहावं का? की ‘प्रणयकथा’ बरं?

ताई, हात जोडतो, ‘प्रेरणादायी’ लिहू नका. हल्ली साबणाची जाहिरातसुद्धा प्रेरणादायी असते. सकाळी पाचला उठणारा माणूस प्रेरणादायी, पाचला उठून त्याचा फोटो टाकणारा तर त्याहून. शिवाय इथे तो सरळ चुकलेला आहे. अमेरिकेतल्या पुस्तकधंद्यात ‘इन्स्पिरेशनल’ म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेभोवती गुंफलेलं. नायक-नायिकेचं जमणं आणि त्यांचं देवाशी जमणं हे दोन धागे त्यात बरोबरीने चालतात, आणि शयनगृहाचं दार वाचकाच्या तोंडावर बंद होतं. तुमच्या खोक्यातल्या प्रार्थनांचा उलगडा एवढाच.

शब्दाचं मूळही तेच सांगतं. ‘प्रेरणा’त ‘ईर्’ धातू आहे, हलवणं, पुढे ढकलणं. ‘इन्स्पिरेशनल’च्या मुळाशी असलेलं लॅटिन ‘इन्स्पिरारे’ म्हणजे आत फुंकणं. बायबलच्या लॅटिन भाषांतरात देव मातीच्या माणसात जीव फुंकतो तिथे हेच क्रियापद आहे. आपल्याकडचा जवळचा शब्द म्हणजे गुरूने कानात मंत्र फुंकणं. पण नोंदवहीत ‘फुंकलेल्या कादंबऱ्या’ लिहिता येत नाही हे मला कळतं.

‘ऐतिहासिक’ चुकीचं नाही, फक्त मराठी वाचक तो शब्द दिसला की घोडे आणि गड शोधायला लागतो. ‘महायुद्धकाळातील’ लिहा.

आता ‘रोमांच’. ‘रोमान्स हा आपल्या रोमांचवरूनच गेला’ असं छातीठोकपणे सांगणारे मला महिन्याला दोन तरी भेटतात. रोमांच म्हणजे अंगावरचे केस उभे राहणं. ‘रोम’ म्हणजे अंगावरची लव. ते थंडीनेही येतात. दोन शब्द कानाला सारखे लागले की त्यांचं लग्न लावून मोकळं व्हायचं, ही आपल्या हौशी व्युत्पत्तिकारांची जुनी खोड.

रोमान्समधलं ‘रोम’ म्हणजे इटलीतलं शहर. तो शब्द आला लॅटिन ‘रोमानिके’वरून. ‘रोमानिके’ म्हणजे रोमन लोकांच्या रीतीने, म्हणजे पंडितांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर बाजारात बोलतात तसं. मूळ शब्द प्रेमाचा नाहीच, तो भाषेचा आहे! आपण ‘प्राकृत’ म्हणतो अगदी तोच. ८१३ साली फ्रान्समधल्या तूर इथल्या ख्रिस्ती धर्मसभेने ठरवलं की प्रवचनं लोकांना कळतील अशा ‘गावंढळ रोमन भाषेत’ करावीत. आपल्याकडे एकनाथांनी ‘संस्कृत वाणी देवें केली, प्राकृत काय चोरापासूनि झाली’ असं ठणकावलं त्याच्या कित्येक शतकं आधी.

आणि या ‘रोमन प्राकृता’तला, म्हणजे फ्रेंचच्या पूर्वजभाषेतला, सर्वांत जुना मानला जाणारा मजकूर कोणता? लष्करी शपथ! पश्चिम युरोपचा सम्राट शार्लमेन, त्याचे नातू साम्राज्यासाठी एकमेकांशी लढत होते. त्यातले दोघे, चार्ल्स आणि लुई, तिसऱ्या भावाविरुद्ध एक झाले आणि १४ फेब्रुवारी ८४२ रोजी स्ट्रासबुर्गला आपापल्या फौजांसमोर त्यांनी शपथा घेतल्या. गंमत अशी की प्रत्येकाने समोरच्याच्या सैनिकांना कळेल अशा भाषेत शपथ घेतली. जर्मन मुलखाच्या लुईने ‘रोमाना’त सुरुवात केली: ‘प्रो देओ आमुर’, देवाच्या प्रेमासाठी. युद्ध आहे, देव आहे, प्रेम आहे आणि भाषा रोमान्स आहे. ताई, तुमच्या खोक्यातलं सगळं पहिल्या ओळीतच आलं! (तारखेवरून व्हॅलेंटाइन काढू नका. प्रेमाचा दिवस ही कल्पना पुष्कळ नंतरची.)

मग भाषेचं नाव त्या भाषेतल्या गोष्टींना चिकटलं. ११६०च्या सुमारास बनुआ द सँत-मोर या कवीने ट्रॉयच्या युद्धावर तीस हजार ओळींचं काव्य रचलं. आरंभी तो कारण सांगतो: ही कथा मला लॅटिनमध्ये सापडली, ज्यांना लॅटिन येत नाही त्यांना रमता यावं म्हणून मी ती ‘रोमान्झ’मध्ये घालतो. आणि या युद्धकथेत त्याने काय घुसवलं? ट्रोइलस आणि ब्रिसेइदा यांचं प्रेम, वेढ्यात फुललेलं आणि कैद्यांच्या अदलाबदलीत तुटलेलं. ट्रॉयचं युद्ध गाणाऱ्या ग्रीक महाकवी होमरमध्ये त्याचा पत्ता नाही. पुढे बोकाचो, चॉसर आणि शेक्सपियर यांनी तेच प्रेम उचललं. म्हणजे युद्धकाळातली ऐतिहासिक प्रेमकथा हा स्वस्त कागदी बांधणीचा शोध नाही. साडेआठशे वर्षांपूर्वी ती होती आणि ‘रमता यावं’ असं उघड सांगून लिहिली होती. ‘फार आवडल्या’ हे तुम्ही थोडं चोरून लिहिल्यासारखं वाटलं, म्हणून हे सांगतो.

आता आमचे समीक्षक ‘रोमान्स’ला ‘अद्भुतरम्य’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी कादंबऱ्यांना तो शब्द शोभतो. त्यांत भुयारं होती, योगायोगांचा पाऊस होता. पण रेशनकार्डावर साखर मोजणारी, बॉम्बचा भोंगा वाजला की जिन्याखाली बसणारी नर्स अद्भुत कुठून? एकदा एका ज्येष्ठ समीक्षकांना हे विचारलं, तर म्हणाले, ‘संज्ञा रूढ आहे.’ खरूजही रूढ असते.

माझं विचाराल तर ‘कादंबरी’ एवढाच शब्द पुरे आहे. हिंदी-बंगालीने ‘उपन्यास’ घेतला, गुजरातीने ‘नवलकथा’. आपण आणि कन्नडिगांनी मात्र बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ या संस्कृत कथेतल्या नायिकेचं नाव अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं. आणि ती नायिका राजपुत्र चंद्रापीडाला भेटते केव्हा? तो दिग्विजयाला, म्हणजे मोहिमेवर, निघालेला असताना! किन्नरांच्या जोडीमागे घोडा फेकतो, फौज मागे राहते, आणि तो अच्छोद सरोवराच्या काठी पोचतो. तिथून कादंबरी. मग बापाचा हुकूम येतो, त्याला उज्जैनला परतावं लागतं, आणि ती वाट बघत राहते. पुढे तर त्याचं निष्प्राण शरीर राखत बसते, तो परत येईल या विश्वासावर. श्रद्धा, विरह, मोहिमेवर निघालेला नायक. खोकं उघडा आणि ताडून पाहा. ‘प्रेमकादंबरी’ म्हणजे मला ‘पिवळा पीतांबर’ वाटतो.

‘प्रणयकथा’चं राहिलंच. संस्कृतात तो सलगीचा, लाडिकपणाचा गोड शब्द होता. आता वर्तमानपत्रांत वाघ-वाघिणीचा प्रणय असतो. नोंदवहीत नको, शाळकरी मुलं तोच कप्पा आधी उघडतील.

तेव्हा लिहा: ‘महायुद्धकाळातील ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या’. पिवळा पीतांबर यावेळी चालवून घेतो, नोंदवही वाचणाऱ्याला बाणभट्ट आठवेलच असं नाही.