आरोग्य प्रश्नोत्तरे : गुडघे दुखतात, मग व्यायाम कोणता?

प्रश्न : वय ५४, वजन ७८ किलो. एक्स-रेत दोन्ही गुडघ्यांची झीज दिसते. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. व्हॅक्सिन डेपोच्या आवारात रोज पाऊण तास चालायला लागले, तर संध्याकाळपर्यंत गुडघे सुजू लागले. मुलाने घरी व्यायामाची सायकल आणून दिली. तिच्यावर दहा मिनिटांतच वाटीच्या पुढे दुखते. पोहायला गेले तर चालेल का?
– एक वाचक, शहापूर (बेळगाव)

उत्तर : सायकल सोडू नका, आधी तिची सीट बघा. वाटीच्या पुढे दुखण्याचे नेहमीचे कारण म्हणजे खाली बसवलेली सीट. पाय जमिनीला टेकणार नाहीत म्हणून घाबरून बहुतेक जण ती खालीच ठेवतात. त्यामुळे पॅडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि त्याच अवस्थेत जोर लावावा लागतो, म्हणजे वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते.

सीटवर बसा, एक पॅडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच टेकवा. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा, कंबर एका बाजूला कलता कामा नये. चालवताना मात्र पॅडलवर चवडा ठेवायचा, मग गुडघ्यात थोडा बाक आपोआप राहतो. सीटच्या दांडीची खिट्टी एका वेळी एकच भोक वर न्या आणि दोन दिवस चालवून बघा. गुडघ्याच्या मागे ओढ बसू लागली किंवा कंबर डुलू लागली, तर सीट जास्त वर गेली, एक भोक खाली घ्या. साडी नेसून चालवू नका. पदर-निऱ्या सांभाळताना गुडघे बाहेर फाकतात आणि आतल्या बाजूला ताण येतो. सलवार किंवा ट्रॅक पँट घाला, पायात बूट असू द्या.

पॅडल जड-हलके करणारे सायकलचे बटण सुरुवातीला शून्यावर ठेवा. पहिला आठवडा सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच मिनिटे पुरे. पुढे दर आठवड्याला प्रत्येक वेळेत दोन-तीन मिनिटे वाढवा. आठवड्यात पाच दिवस, दिवसाला ३० मिनिटे, म्हणजे १५० मिनिटांपर्यंत पोचायचे आहे. ती सलग असण्याची गरज नाही. वेग असा असावा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे जास्त असेल किंवा सूज आली असेल, तर पुढच्या वेळी वेळ निम्मी करा, बंद करू नका. चालण्यातही तुमचे हेच चुकले. डेपोतली सपाट वाट चांगलीच आहे, एकदम पाऊण तास जास्त झाला.

पोहणे उत्तम. पाणी कमरेपर्यंत असेल तर गुडघ्यावर शरीराचा साधारण निम्माच भार येतो, छातीपर्यंत असेल तर आणखी कमी. पोहता येत नसेल तरी पाण्यात नुसते चाला, तोही पुरेसा व्यायाम आहे. पोहता येत असेल तर बेडकासारखे पाय मारू नका, त्याने गुडघ्याची आतली बाजू दुखावते. पाय सरळ ठेवून मांडीपासून हलवा.

वजनाबाबत डॉक्टरांचे म्हणणे खरेच आहे. एक किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो. पण ते जास्त करून जेवणातून उतरते. तासभर सायकल मारून दोन प्लेट भजी खाल्ली, तर हिशेब तिथेच मिटला.

गुडघा अडकत असेल, अचानक दगा देत असेल, गरम-लाल होऊन ताप येत असेल किंवा एकच पोटरी सुजली असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब वा हृदयविकार असल्यास सुरुवातीलाच विचारा.

प्रश्न : वय ६२. रोज सकाळी राजहंसगडाचा चढ चढतो. चढताना काही वाटत नाही, उतरताना उजवा गुडघा फार दुखतो. असे का?
– एक शेतकरी, येळ्ळूर

उत्तर : उतरताना मांडीचे स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात आणि तो दाब वाटीवर येतो. दम वाढायला चढच पुरतो, तेव्हा चढून जा आणि उतरताना कुणाच्या गाडीवर मागे बसा. तशी सोय नसेल तर शिवारातल्या सपाट रस्त्याने चाला. उतरावेच लागले तर पावले लहान टाका आणि काठी डाव्या हातात धरा, दुखऱ्या बाजूला नाही. ताठ उभे राहून हात मोकळा सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीला लागावी, एवढीच तिची उंची हवी.