लेडियनसारखा कमकुवत पोकेमॉन स्पर्धेच्या टीममध्ये घेण्यालायक आहे का, हे कसं ठरवायचं?

लेडियनच्या बेस स्टॅटची (अटॅक, डिफेन्स, स्पीड अशा सहा मूळ आकड्यांची) बेरीज फक्त ३९०, म्हणून त्याला काढावं का, असं तुम्ही विचारलंय. आधी ती बेरीज बघणं सोडा. स्लेकिंगची बेरीज ६७०, पण ट्रुअंट या ॲबिलिटीमुळे (अंगभूत गुणामुळे) गडी एक टर्न आड लोळत पडतो. उलट चॅन्सीची ४५० आणि अटॅक अवघा ५, तरी हातात इव्हिओलाइट (पूर्ण विकसित न झालेल्या पोकेमॉनचे दोन्ही डिफेन्स वाढवणारी वस्तू) दिला की भलेभले स्पेशल हल्लेखोर तिच्यापुढे हात टेकतात.

मी बघतो ते वेगळंच. याला नेमकं कुठलं काम द्यायचं, आणि तेच काम याच्याहून सरस करणारा दुसरा कुणी मोकळा आहे का?

पाचिरिसूचंच घ्या. बेरीज ४०५, अटॅक ४५. तरी २०१४ च्या जागतिक डबल्स (दोनास दोन लढत) स्पर्धेत दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क त्याला टीममध्ये घेऊन जिंकला. लोक हे ‘आवडत्या पोकेमॉनवर विश्वास ठेवा’ अशा थाटात सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. ती निवड थंड डोक्याची होती. टीममध्ये गायराडोस होता आणि त्याला इलेक्ट्रिक मार चौपट बसतो. पाचिरिसूने फॉलो मी ही मूव्ह वापरली की तो मार त्याच्याकडे वळतो, आणि व्होल्ट ॲब्सॉर्ब या ॲबिलिटीमुळे इजा होण्याऐवजी चौथा हिस्सा एचपी (जीवनशक्ती) भरून निघतो. अमूंगसही रेज पावडरने मार स्वतःवर ओढून घेतो, पण ग्रास प्रकारावर आणि सेफ्टी गॉगल्स घातलेल्यांवर ती चालत नाही. फॉलो मीला ही अडचण नाही. मग ४५ अटॅकचं काय? सुपर फँग समोरच्याचा उरलेला एचपी थेट निम्मा करते, नझल वापरायची ती पॅरालिसिससाठी. अटॅकचा आकडा मधे येतोच कुठे!

आता लेडियन. मारायला पाठवावा तर ३५ अटॅकवर आयर्न फिस्ट ही ॲबिलिटी पंच मूव्हना २० टक्के वाढवून देणार, म्हणजे न दिल्यासारखंच. (अझुमारिलचा अटॅकही ५०च, पण ह्यूज पॉवर तो दुप्पट करते.) राहिलं रिफ्लेक्ट आणि लाइट स्क्रीन (टीमला बसणारा मार काही टर्न कमी करणाऱ्या मूव्ह, थोडक्यात ‘स्क्रीन’) लावायचं काम. स्पीड ८५, स्पेशल डिफेन्स ११०, कागदावर ठीक दिसतं. पण ग्रिमस्नार्ल ६० स्पीडचा असूनही प्रँकस्टरच्या (न मारणाऱ्या मूव्ह आधी करू देणाऱ्या ॲबिलिटीच्या) जोरावर त्याच्या आधी स्क्रीन लावतो, आणि वर १२० अटॅकने मारतोही. सिंगल्समध्ये (एकास एक लढतीत) तर आणखी पंचाईत. समोरच्याने स्टेल्थ रॉक (मैदानात उतरणाऱ्याला इजा करणारे दगड) टाकले असतील तर लेडियन मैदानात उतरताक्षणी निम्मा एचपी गमावतो, कारण रॉक प्रकारचा मार त्याला चौपट लागतो. त्यापासून वाचायला हेवी ड्यूटी बूट्स दिले तर स्क्रीन जास्त टिकवणारी लाइट क्ले देता येत नाही (वस्तू एका वेळी एकच), आणि स्क्रीन आठाऐवजी पाचच टर्न टिकते.

त्यामुळे ग्रिमस्नार्लला परवानगी असलेल्या नियमांत मी लेडियन घेणार नाही. तो नसेल तिथे, विशेषतः डबल्समध्ये, घेऊन बघायला हरकत नाही. तिथे स्टेल्थ रॉकही क्वचितच कुणी टाकतं.

तरीही मन मानत नसेल तर पोकेमॉन शोडाउन या ऑनलाइन लढतींच्या साइटवर एकच टीम दोनदा बनवा, एकीत लेडियन आणि दुसरीत त्याच जागी तुमचा पर्याय. दोन्ही भरपूर खेळा आणि रिप्ले सेव्ह करा. नुसते जिंकलेले सामने मोजू नका, कारण बाकीचे पाच जणही सामना ओढून नेतात. डबल्समध्ये सहातून चार निवडताना लेडियनला किती वेळा बाहेर ठेवलंत आणि कोणत्या टीमसमोर, ते लिहून ठेवा.