आयरिश पूर्वजांचे गाव कसे शोधावे?

प्रश्न : सुनेचे खापरपणजोबा १८६०च्या सुमारास आयर्लंडहून मेलबर्नला आले. नाव माहीत आहे, गाव नाही. शोध कुठून सुरू करू?

उत्तर : आयर्लंडपासून नको, मेलबर्नपासून सुरू करा. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात (तेव्हाच्या वसाहतीत) आहे, तिथल्या मृत्युदाखल्यावर १८५३पासून आईवडिलांची नावे (आईचे माहेरचे आडनावसुद्धा), जन्मस्थळ आणि वसाहतीतली वर्षे नोंदवत. मात्र माहिती देणारा जावई किंवा शेजारी असेल, तर तिथे नुसते 'आयर्लंड' सापडते. मग त्यांच्या भावंडांचे आणि लग्नाचे दाखलेही काढा. एखाद्यावर तरी परगणा (काउंटी) मिळतो.

आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्मनोंदी १८६४पासूनच आहेत, म्हणजे त्यांचा जन्म तिथे मिळणार नाही. १८२१ ते १८५१च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२२च्या डब्लिनमधल्या आगीत गेले, ही मोठीच हानी. कुटुंब कॅथलिक असेल, तर चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवह्या हाच खरा आधार. साधारण १८८०पर्यंतच्या वह्यांच्या प्रती आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत बघता येतात. नावे अनेकदा लॅटिनमध्ये असतात: जेम्सचा 'जाकोबुस', विल्यमचा 'गुलिएल्मुस'. धर्मपित्याचे (बाप्तिस्म्याला पालक म्हणून उभा राहणाऱ्याचे) नावही टिपून घ्या, तो पुष्कळदा मामा किंवा काका निघतो.

आडनावातला 'ओ' अनेकदा गळलेला असतो. ओसलिव्हन आणि सलिव्हन, दोन्ही शोधा. परगणा कळला, की १८४७ ते १८६४ दरम्यानच्या ग्रिफिथ मूल्यांकनात (करासाठी केलेल्या जमीन-घरांच्या पाहणीत) जमीन कसणाऱ्या कुळाचे नाव आणि वाडी पाहा. एकाच नावाची माणसे ढिगाने मिळतील. आईचे आडनाव जुळल्याशिवाय कुणालाही वंशावळीत घेऊ नका.