२०१२ चा घरचा पीसी: ओव्हरक्लॉक करावा, अपग्रेड करावा की भंगारात द्यावा?

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात: २०१२ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, आय-थ्री २१२० प्रोसेसर, एच ६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. बाबा त्यावर सोसायटीचा हिशेब आणि मराठी टायपिंग करतात. सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात. भाचा म्हणतोय, ओव्हरक्लॉक करू (म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवू), फुकटात पळेल.

नाही पळणार. मुळात तुमच्या मशीनवर ते होणारच नाही. प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक हा मूळ ठोका गुणिले मल्टिप्लायर. त्या पिढीत मल्टिप्लायर पूर्ण मोकळा होता तो फक्त २५००के, २६००के अशा ‘के’वाल्या प्रोसेसरांचा, आणि त्यांनाही पी ६७ किंवा झेड ६८ सारखा बोर्ड लागायचा. उरतो १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक. बोर्डात सोय असलीच तर तो १०३ करता येईल, म्हणजे ३.३ चे ३.४ गिगाहर्ट्झ. तीन टक्के! आणि त्याच क्लॉकवर साटा (डिस्क जोडायचं पोर्ट), यूएसबी सगळं बांधलेलं असल्यामुळे आणखी थोडं ताणलं की हार्ड डिस्कवरचा डेटाच गोत्यात येतो. सोसायटीचा हिशेब त्यावर आहे म्हणालात ना?

मी ओव्हरक्लॉकिंगच्या विरोधात आहे असं समजू नका. १९९९ मध्ये कॉलेजात असताना आमच्या खोलीवर सेलेरॉन ३००ए होता. बस, म्हणजे तेव्हाचा मूळ ठोका, ६६ ची १०० केली की ३०० चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चालायचा. काही बोर्डांत ती सोय नसायची, तेव्हा लोक प्रोसेसरच्या बी २१ पिनवर टेपचा बारीक तुकडा चिकटवून बोर्डाला फसवायचे. दीडपट वेग, तोही फुकट, तेव्हा खरंच मिळायचा. ते दिवस गेले.

आता मूळ दुखणं. विंडोज सुरू झाल्यावर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सवर जा. माझी पैज आहे, डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर जेमतेम १५-२० दिसेल. प्रोसेसर दमलेला नाही, तो वाट बघत बसलाय. ७२०० आरपीएमच्या डिस्कला हेड योग्य ट्रॅकवर न्यायला साधारण ९ मिलिसेकंद लागतात आणि हवी ती जागा फिरून खाली यायला सरासरी ४ च्या वर. म्हणजे प्रत्येक बारीकसारीक फाइलमागे १३ मिलिसेकंद. तेवढ्यात तुमच्या आय-थ्रीचे चार कोटींहून जास्त ठोके होऊन जातात. त्या ठोक्यांत तीन टक्के भर घालून काय मिळणार? विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइली वाचते, हिशेब तुम्हीच करा.

म्हणून एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली, चिपवाली डिस्क. एवढं एकच केलंत तरी चालेल. आमच्या कोथरूडच्या घरी वडिलांचा अगदी याच जातीचा पीसी होता. एका दुकानदाराने मदरबोर्डसकट सगळं बदलायला सांगितलं होतं. मी दोन वर्षांपूर्वी २४० जीबीची एसएसडी आणून टाकली, दीड हजाराच्या आत काम झालं. वडिलांचा रोजचा क्रम ठरलेला: बटण दाबायचं, मग चहाचं आधण ठेवायचं, कप घेऊन परत येईपर्यंत डेस्कटॉप आलेला असायचा. त्या दिवशी ते उठायच्या आतच लॉगिन आलं. माझ्याकडे संशयाने बघत म्हणाले, “काय बिघडवून ठेवलंस?”

घेताना अडीच इंची साटा घ्या, एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी पट्टी) नको. तुमच्या बोर्डावर त्याचा स्लॉट नाही. एच ६१ वर साटाचे पोर्ट जुन्या वेगाचे आहेत, त्यामुळे खोक्यावरचे ५०० एमबी मिळणार नाहीत, अडीचशेच्या आसपास मिळतील. बिघडत नाही, कारण खरा फायदा त्या १३ मिलिसेकंदांच्या जागी एकाचाही अंश लागण्यात आहे. नवीन विंडोज टाकण्याआधी बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड आयडीई असेल तर एएचसीआय करा. चालू विंडोजवर तो बदललात तर निळा पडदा बघाल. जुनी डिस्क फोटोंसाठी आत तशीच राहू द्या, पण तिच्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. बारा-तेरा वर्षं फिरलेली आहे ती.

रॅम ४ ची ८ करा, डीडीआर३ १३३३, स्लॉट दोनच आहेत. ऑनलाइन अगदी स्वस्त मिळणाऱ्या काही कांड्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात, बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते वाचा. जुनी रॅम पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास मिळून जाईल, पण लावून दाखवतील तिथूनच घ्या. रविवारच्या जुन्या बाजारातून एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) किंवा हार्ड डिस्क मात्र आणू नका, कितीही मोह झाला तरी. प्रोसेसर बदलायची गरज मला दिसत नाही. त्याच सॉकेटात आय-फाइव्ह २४०० बसतो, पण एक्सेलला त्याचं काय?

विंडोजचा प्रश्न मात्र अवघड आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तुमची पिढी दुसरी. आडवाटेने बसवता येतं, पण बाबांच्या मशीनवर मी ते करणार नाही. त्यापेक्षा विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाका. ब्राउझर, लिब्रेऑफिस, इनस्क्रिप्ट कीबोर्ड सगळं त्यात आहे. पण त्याआधी बाबांना एक विचारा: मराठी टायपिंग युनिकोडमध्ये आहे की श्रीलिपीसारख्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये? आमच्याकडे मंडळाच्या दिवाळी अंकांच्या सात वर्षांच्या फाइली जुन्या फाँटमध्ये होत्या आणि ते सॉफ्टवेअर डाँगल (परवान्याची छोटी किल्ली, पोर्टात लावायची) लावल्याशिवाय उघडत नव्हतं. मी उत्साहाने सगळं पुसून मिंट टाकलं, आणि वडिलांचं संपादकीय पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा होऊन आलं. पुढचे दोन दिवस घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. तसं असेल तर जुनं विंडोज ठेवा, इंटरनेटची केबल काढा आणि बँकेचे व्यवहार मोबाइलवर करा.

खर्चाची मर्यादा आधीच ठरवा. एसएसडी आणि रॅम, बस्स. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले किंवा मशीन अधूनमधून आपोआप बंद होत असेल, तर तेवढेही घालू नका. आठव्या पिढीचा ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप बघा आणि हा पुण्यातल्या कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ई-कचऱ्यात द्या.

भाच्याचा हिरमोड होऊ देऊ नका. त्याला कॅबिनेट उघडायला लावा, ब्रशने धूळ काढू द्या, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसू द्या (पावसाळ्यात आमचा पीसी निम्म्या वेळा एवढ्यावरच सुरू व्हायचा). प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट एव्हाना खडूसारखी झाली असेल, ती खरवडून वाटाण्याएवढी नवीन लावायची. कूलरच्या चार प्लास्टिकच्या खुंट्या तिरप्या समोरासमोरच्या जोड्यांनी दाबायच्या, चारही ‘टक्’ वाजायला हव्यात. आणि चालू करताना दरवेळी तारीख मागे गेलेली दिसत असेल, तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदला. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणत बसतो आणि घरात सगळ्यांना वाटतं व्हायरस आलाय.