निर्णय कोणी घेतला, ते विचारायला शिकव

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या वर्गातली मुलं चार दिवस गावात राहिली, २०० फॉर्म भरून आली, आणि ‘या गावात आरोग्याचा कारभार कोण बघतं’ असं तू विचारल्यावर त्या सगळ्यांनी ‘आशाताई’ असं उत्तर दिलं. आता तुला वाटतंय, यापेक्षा चार तासिका जादा घेतल्या असत्या तर बरं. मुळीच नको. गावात नेलंस ते बरोबरच केलंस, पण हातात प्रश्न चुकीचा दिलास.

‘साबणाने हात धुता का’ असं विचारणारा विद्यार्थी लोकांची परीक्षा घेतो. कारभार समजायला एकच प्रश्न लागतो: निर्णय कोणी घेतला?

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, तेव्हापासून गावाच्या आरोग्य समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधीची, म्हणजे कशावर खर्च करायचा ते समितीनेच ठरवायच्या पैशांची, सोय आहे. रक्कम लहान आहे, म्हणून शिकवायला उत्तम. मुलांनी तेवढ्याच पैशांचा माग काढू दे. वजनकाटा घेतला की अडलेल्या बाईच्या गाडीभाड्याला दिले? ठराव मांडला कोणी? समितीत निम्म्या तरी बायका हव्यात, असा नियम आहे. त्यातली वाडीवरची बाई बैठकीला आली होती का, की सही तेवढी घरी जाऊन घेतली? बैठकीचे ठराव लिहितात त्या प्रोसिडिंगच्या वहीशेजारी अर्धा दिवस बसलं की तुझे २०० फॉर्म फिके पडतील.

हे मला आधीपासून कळत होतं असं समजू नकोस. २००७ मध्ये महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावं आपल्या आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल रंग देऊ लागली, जनसुनवाईत लोक अधिकाऱ्यांसमोर उभे राहून बोलू लागले. मी मुलांना तिथे नेलं. त्यांनी रंगीत तक्त्याचे फोटो काढले. लाल रंग कोणाच्या सांगण्यावरून लागला, हे एकानेही विचारलं नाही, कारण मी शिकवलंच नव्हतं.

आणि एकदा एका मुलीने विचारलं. पाच बायकांच्या सह्या एकाच हातच्या आहेत, हे तिने वहीत पाहिलं आणि अहवालात लिहिलं. मी तिला तो परिच्छेद काढायला लावला. पुढच्या वर्षी त्या गावात आम्हाला कोणी येऊ दिलं नसतं, आणि त्यानंतरच्या कितीतरी तुकड्या तिथे शिकल्या, हेही खरं आहे. हे कारण मी आजवर अनेकांना सांगितलं. पण त्या दिवशी निर्णय कोणी घेतला? मी, एकटीने, गावाला न विचारता. ती वही घेऊन आम्ही त्या पाच बायकांकडे जायला हवं होतं. त्यांनी काय सांगितलं असतं, कोण जाणे.

विभागप्रमुखांना आकडे हवेत, असं तू लिहितोस. दे त्यांना आकडे! वर्षात बैठका किती झाल्या, किती ठरावांवर खर्च झाला, किती बायका बोलल्या. पण तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात प्रत्येक ठरावापुढे लिहायला लाव: निर्णय कोणी घेतला. रकाना रिकामा आला तर मुलांना परत पाठव. एस.टी.च्या तिकिटाचे पैसे मी देईन.

समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख आधी विचारून ठेव. टाइमटेबलशी जुळली नाही, तर टाइमटेबल हलव.