पुण्यात २०० माणसांच्या लग्नासाठी परवडणारं कार्यालय कसं शोधावं?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचं लग्न आहे, २०० माणसं, जेवणासकट ३ लाखांच्या आत बसवायचंय आणि भाड्याचे आकडे ऐकूनच घाम फुटलाय. गेल्या वर्षी लेकीच्या लग्नासाठी आम्ही अकरा कार्यालयं पालथी घातली, त्यामुळे दुखणं ओळखीचं आहे.

फोन करून नुसतं "भाडं किती?" विचारू नका. आम्ही तेच करत होतो. एका ठिकाणी ६०,००० सांगितलं, हे खूश, खिशातून चेकबुक काढायलाच निघाले. मी म्हटलं, थांबा, अटींचा कागद दाखवा. केटरर त्यांचाच, ताट ७५० रुपये, किमान २५० ताटं, माणसं येवोत न येवोत. डेकोरेटर बाहेरचा आणला तर १५,००० रॉयल्टी. भाड्यावर १८ टक्के जीएसटी. तिथेच बाकावर बसून बेरीज केली तर पावणेतीन लाखांच्या घरात, आणि लाइटचं मीटर, जनरेटरचं डिझेल, सफाई हे सगळं पुढेच होतं.

शेवटी घेतलं ते एका ज्ञातिसंस्थेचं जुनं कार्यालय. भाडं करासकट ९५,०००, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्तच. पण बाहेरचा केटरर चालत होता आणि त्याने ४३०ला ताट दिलं. जेवण धरून पावणेदोन लाखांच्या थोडं वर गेलं. अशा संस्थांची, देवस्थानांची कार्यालयं जाहिरात करत नाहीत. गुरुजींना विचारा, केटररला विचारा. त्यांना कुठलं स्वयंपाकघर बरं, कुठे पाणी जातं, सगळं तोंडपाठ असतं.

वार आणि वेळ यातही बरेच पैसे वाचतात. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू होतो आणि शनिवार-रविवारचे मुहूर्त आधी उडतात. आम्ही बुधवार धरला. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी न करता त्याच दिवशी सकाळी साडेसातला उरकलं, त्यामुळे दीड दिवसाऐवजी एकाच दिवसाचं भाडं लागलं. काही मावश्यांनी नाकं मुरडली, पण चहाला वेळेवर हजर होत्या! घरच्यांना चालत असेल तर चातुर्मासातला काढीव मुहूर्तही बघा. आमच्या विहीणबाईंना नाही चालला.

कार्यालय बघायला रिकामं असताना जाऊ नका. तिथे दुसऱ्या कुणाचं लग्न असेल त्या दिवशी साडेबाराला जा. एका ठिकाणी हॉल देखणा, पण जेवण पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. दोन पोरं एका आजीला प्लास्टिकच्या खुर्चीसकट जिन्यावरून वर नेत होती आणि आजी एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने पदर धरून "अरे हळू, हळू" करत होत्या. आमच्याकडे गुडघेदुखीवाले पाच जण, तिथूनच परत फिरलो. वधूच्या खोलीत प्लग किती आहेत तेही बघा, मेकअपवाली आली की कळतं.

ताटं मोजायला आपला माणूस उभा करा. जेवणाआधी चळत मोजायची, शेवटी उरलेली वजा करायची. आमच्या केटररने २१४ सांगितली, भाच्याच्या वहीत १९१ निघाली. वही दाखवल्यावर १९१चं बिल झालं.

बजेट अजून आवळायचं असेल तर आळंदीत चौकशी करा, तिथे कार्यालयांची आणि धर्मशाळांची रांगच आहे. नोंदणी विवाह करून नंतर फक्त जेवण ठेवणार असाल तर १९५४च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

आणि अनामत कधी परत मिळणार ते पावतीवरच लिहून घ्या. आमचे ५,००० "हिशेब चाललाय" म्हणून अजून तिकडेच आहेत.