बस विकत घेण्याआधी तिच्याखाली झोपून पाहा

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही टेक्सासमध्ये प्लेनोला राहतो. मुलं नऊ आणि सहा वर्षांची. दर उन्हाळ्यात साताऱ्याहून सासूबाई येतात, त्यांचे गुडघे दुखतात. यांच्या मनात दोन वर्षांपासून एकच आहे : शाळेने काढून टाकलेली पिवळी बस घ्यायची, आतून घर करायचं आणि सगळ्यांनी मिळून येलोस्टोन, ग्लेशियर ही राष्ट्रीय उद्यानं बघायची. शिकागोजवळ 2004 ची एक इंटरनॅशनल बस साडेपाच हजार डॉलरला मिळते आहे. इंजिन व्हीटी 365, आतलं तळावरचं रबर नव्यासारखं, फोटो फार सुंदर. घ्यावी का? यांची उंची पाच फूट अकरा इंच आहे, ते आत उभे राहू शकतील ना?
– एक वाचक, प्लेनो

उत्तर : ही बस घेऊ नका. बेत मात्र सोडू नका, बेत फार चांगला आहे.

आधी इंजिन. व्हीटी 365 हे सहा लिटरचं व्ही-8 डिझेल. फोर्डच्या पिकअपमधलं जे 6.0 इंजिन ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) आणि हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालची सील) यांसाठी बदनाम झालं, त्याचंच हे भावंड. एकदा ते बिघडलं की दुरुस्तीचा आकडा बसच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतो. त्याच कंपनीचं डीटी 466 शोधा. सहा सिलिंडर एका रांगेत, 7.6 लिटर, आणि सिलिंडरचे लायनर (आतल्या नळ्या) इंजिन खाली न उतरवता बदलता येतात. माझे वडील इचलकरंजीत ट्रकचं गॅरेज चालवायचे, लायनरवालं इंजिन आलं की त्यांचा चेहरा खुलायचा. कमिन्सचं 5.9 मिळालं तरी चालेल. थोडी जुनी बस बघत असाल तर गिअरबॉक्सही विचारा. अ‍ॅलिसन एटी 545 असेल तर ती सपाटीला ठीक चालते, पण लांब चढावर तेल तापतं, कारण तिच्या टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) ते दोन्ही थेट जखडणारं लॉकअप नाही. तुमचा रस्ता रॉकीजमधून जाणार आहे.

आता शिकागो. तिथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ पंधरा वर्षं बसच्या पोटाला लागत राहतं आणि आतलं रबर तरीही नव्यासारखंच दिसतं. हे मी सांगते, कारण आम्ही तेच केलं. 2016 मध्ये ओहायोमधून 1999 ची बस घेतली, बेचाळीसशे डॉलरला. ‘फ्लोअर एकदम ठणठणीत’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. मिशिगनला घरी आणून सीट काढल्या, रबर गुंडाळलं, खालचं प्लायवूड उचललं आणि मागच्या चाकावरच्या भोकातून मला आमच्या ड्राइव्हवेचं सिमेंट दिसलं. प्लायवूड ओल्या पावासारखं हातात तुटत होतं. दोन महिने फक्त तळ करण्यात गेले : सडलेला पत्रा कापणं, नवा पत्रा वेल्डिंग करणं, उरलेला गंज तारेच्या चाकाने घासणं, त्यावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडचा गंजरोधक, मग प्रायमर. त्या दोन महिन्यांत मी खूप रडले आहे. पण आज सात राज्यं फिरून आल्यावरही तळ कोरडा आहे, याचं श्रेय मी त्याच दोन महिन्यांना देते.

म्हणून तुम्ही टेक्सास, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना इकडचीच बस बघा. बघायला जाताना सतरंजी, टॉर्च आणि हातोडी न्या. सतरंजी टाकून सरळ बसखाली झोपा. मागच्या चाकांच्या वरचा पत्रा, दाराच्या पायऱ्यांचा तळ आणि चॅसीच्या (खालच्या सांगाड्याच्या) आडव्या पट्ट्या हलकेच ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. ठोकू न देणाऱ्याकडून बस घेऊ नका. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष), सहा टायर बदलायचे म्हणजे मोठा खर्च आहे. शाळांकडे प्रत्येक बसच्या देखभालीची नोंदवही असते, ती मागून घ्या. सुंदर फोटोपेक्षा मला ती वही प्रिय आहे.

उंचीचं तुम्ही अगदी योग्य विचारलंत. या बस आतून साधारण 72 किंवा 78 इंच उंच येतात. तळाला एक इंच फोम आणि प्लायवूड, छताला इन्सुलेशन आणि फळ्या, एवढ्यात तीन-चार इंच जातात. 72 वाल्या बसमध्ये तुमच्या यजमानांना मान वाकवून भाकरी भाजावी लागेल. 78 चीच घ्या. आणि इन्सुलेशन टाळू नका. बसच्या लोखंडी कमानी थंडी थेट आत आणतात, रात्री पाच माणसांच्या श्वासाने त्यांना पाणी सुटतं आणि ते पाणी पुन्हा तळात उतरतं. सीट काढल्यावर तळात राहिलेली बोल्टची भोकं बुजवायला आम्ही एक सेंटची नाणी वापरली, सीलंट लावून एकेक बसवली. हे काम माझ्या मुलाने केलं, मोजत मोजत.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते ती. 1 एप्रिल 1977 पासूनच्या अमेरिकन नियमानुसार स्कूल बसच्या सीटच्या पाठी उंच, जाड गादीच्या आणि जवळजवळ असतात. धक्का बसला तर मूल कापसात ठेवलेल्या बांगडीसारखं दोन पाठींमध्ये सांभाळलं जातं. तुम्ही सीट काढल्या की ती रचना संपली. मग सोफा, ओटा, पलंग हे सगळं धक्क्यात हलणारं सामान. म्हणून गाडी चालू असताना सोफ्यावर किंवा पलंगावर कोणीही नाही, अगदी पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. दोन्ही मुलं आणि सासूबाई यांच्यासाठी समोर तोंड असलेल्या, तीन ठिकाणी अडकणाऱ्या पट्ट्यांच्या सीट बसवा. बोल्ट तळातून आरपार जाऊन खाली लोखंडी प्लेटवर आवळलेले हवेत, नुसत्या प्लायवूडमध्ये कधीच नाही. मागचं आपत्कालीन दार कपाटाने बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसचे अलार्म पहिल्या रात्रीच्या आधी लावा.

सासूबाईंसाठी : दाराच्या पायऱ्या अरुंद आणि उभ्या असतात, पहिली तर जमिनीपासून फूटभर वर. बाहेर घडीची एक पायरी आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडा बसवा. त्यांचा पलंग मागच्या चाकांच्या पुढे, संडास त्याच्या शेजारी, रात्री अंधारात दोन पावलांवर.

कागदपत्रांत घाई नको. केंद्रीय व्याख्येनुसार मोटरहोम (चाकांवरचं घर) ठरायला सहापैकी चार सोयी लागतात : स्वयंपाक, फ्रिज, स्वतंत्र संडास, हीटर किंवा एसी, नळ-सिंकसह पिण्याचं पाणी, आणि 110 ते 125 व्होल्टची वेगळी वीज किंवा गॅस. लाल-पिवळे झगमगणारे दिवे, बाजूला उघडणारी ‘थांबा’ची पाटी आणि ‘स्कूल बस’ ही अक्षरं आधी उतरवा. रंगही बदला. 1939 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात तिथले प्राध्यापक फ्रँक सायर यांनी बोलावलेल्या बैठकीत हा पिवळा ठरला, पहाटेच्या अंधुक उजेडातही त्यावरची काळी अक्षरं वाचता यावीत म्हणून. तो मुलांचा रंग आहे, त्यांच्यासाठीच राहू द्यावा. विमा कंपनीचं लेखी ‘हो’ बस घेण्याआधी मिळवा, घरी बांधलेल्या बसला अनेक जण नकार देतात. पूर्ण लांबीची बस 26,000 पौंडांच्या वर गेली तर टेक्सासात यजमानांना वर्ग बीचं लायसन्स काढावं लागेल. मी तीस फुटांच्या आसपासची घेतली असती.

ग्लेशियरबद्दल आत्ताच सांगून ठेवते. तिथल्या गोइंग-टू-द-सन रस्त्यावर अ‍ॅव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यात 21 फुटांपेक्षा लांब किंवा आरसे धरून 8 फुटांपेक्षा रुंद गाडी जाऊ देत नाहीत. तुमची बस आरशांशिवायच आठ फूट आहे. ती कॅम्पात ठेवा आणि उघड्या टपाच्या जुन्या लाल बसची तिकिटं काढा. मुलं ती सहल विसरणार नाहीत.

प्रश्न : आम्ही पुण्यात असंच करावं म्हणतो. एका शाळेची जुनी बस मिळते आहे. गॅरेजवाला म्हणतो, आधी बनवू, आरटीओचं नंतर बघू.
– दोन मित्र, कोथरूड

उत्तर : उलट करा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हे ठामपणे सांगितलं आहे. आधी बनवलेली गाडी दारात उभी राहील, फिरणार नाही. भारतात कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. तुमच्याच कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था आहे. पैसे देण्याआधी आरसी बुकाची प्रत आणि हाताने काढलेला आतला नकाशा घेऊन आरटीओत जा. कोणता बदल चालेल, कोणता नाही, हे लेखी मागा. तोवर गॅरेजवाल्याला एक सीटसुद्धा काढू देऊ नका.